गैरहजेरीच्या यादीचं वर्णन

आमच्या लाइनवरची एक ट्रेनी मुलगी नोकरीत कायम व्हायची जवळजवळ राहिलीच होती, आणि तेही माझ्या एका ओळीमुळे. हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की बाई स्वतःला फार शहाणी समजते. समजत होतेच. तेही सांगणार आहे.

मी चाकणच्या एका कारखान्यात कागद लिहिते. गाडीच्या आत वायरींचं जे जाळं असतं, ते आमच्याकडे तयार होतं. कोणती वायर कोणत्या खोबणीत, आधी कोणती, मग कोणती, हे सांगणारे लॅमिनेट केलेले कागद प्रत्येक टेबलासमोर टांगलेले असतात. ते माझे. वीस-बावीस वर्षं संत तुकाराम नगरच्या कोपऱ्यावर कंपनीची बस पकडतेय आणि हे कागद लिहितेय. वाचत कोणी नाही. बाया एकमेकींचं बघून शिकतात. ऑडिट आलं की सुपरवायझर फडक्यानं कागदावरची धूळ पुसतो, एवढीच काय ती माझ्या साहित्याची सेवा.

मग कंपनीत एआय आलं. मोठ्या साहेबांचा मेहुणा येतो ना, तसं आलं. कोणी बोलावलं नव्हतं, पण खुर्ची द्यावी लागली.

प्रकरण तसं साधं आहे. समजावून सांगायला आलेल्यांनीच त्याचा भुगा पाडला. एजंट म्हणजे एक प्रोग्रॅम. त्याला माणसाला सांगावं तसं बोलून काम सांगायचं. तो स्वतःच्या हातानं काही करत नाही, त्याच्यापाशी टूल्स दिलेली असतात. एक टूल हजेरी काढून देतं, एक बसमधली जागा राखतं, एक बिघाडाची तक्रार नोंदवतं. प्रत्येक टूलखाली चार ओळींचं वर्णन असतं. ते वर्णन वाचून एजंट ठरवतो की या कामाला काय उचलायचं आणि जे हाती येईल त्याचा अर्थ काय लावायचा. बस. शेजारच्या टेबलावरच्या ताईला हळूच विचारायची सोय त्याला नाही. वर्णनात जे नाही, ते त्याच्या लेखी जगातच नाही.

लाइनवरच्या बाया मराठीतच विचारणार, म्हणून वर्णनंही मराठीत लिहायची ठरली. पहिली वर्णनं खातेप्रमुखांनी लिहिली. आता पिंपरी-चिंचवडमध्ये ज्यानं आयुष्य काढलंय त्याला ती भाषा ओळखायला वेळ लागणार नाही. आमच्याकडे चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, आणि ज्याला घरचं कुत्रं विचारत नाही तोही त्यावर ‘कार्यसम्राट’ असतो. आमचे साहेब लोक रोज त्याच फ्लेक्सखालून गाडी घेऊन येणार. वाहतूक विभागानं आपल्या टूलचं वर्णन लिहिलं होतं : ‘कंपनीच्या प्रगतीचा कणा असलेल्या वाहतूक विभागाचे अत्याधुनिक व सर्वसमावेशक टूल. कामगारांच्या सर्व अडचणींसाठी सर्वप्रथम हेच वापरावे.’ क्वालिटीवाल्यांनी ते बघितलं आणि आपल्या वर्णनात ‘सर्वप्रथम’च्या जागी ‘सर्वांच्या आधी’ घातलं. कॅन्टीनवाल्यांनी तर ‘अन्नपूर्णेचा वसा’ वगैरे लिहून शेवटी तीन उद्गारचिन्हं मारली होती.

चाचणीच्या दिवशी एका बाईनं एजंटला विचारलं, ‘असेंब्लीच्या कोपऱ्यातला पाण्याचा कूलर बंद पडलाय, काय करू?’ एजंटनं तिच्यासाठी निगडीच्या बसमध्ये खिडकीची जागा राखली.

मी इतकी हसले की मला खोकला लागला. वाहतुकीचे साहेब मात्र खूश. म्हणाले, ‘बघा, सिस्टमलाही आपला विभाग महत्त्वाचा वाटतो!’ कप्पाळ माझं. त्या बिचाऱ्या यंत्रानं वाचलं तसं केलं. ‘सर्व अडचणींसाठी सर्वप्रथम’ असं लिहिल्यावर त्यानं काय पंचांग बघायचं होतं?

एआय बसवणारी पोरं हिंजवडीहून यायची. गळ्यात पट्टे, हातात थंडगार कॉफी. त्यांनी दोन दिवस स्क्रीनकडे बघितलं आणि निदान केलं की मॉडेल बदलायला हवं. उंटावरचे शहाणे! मी त्यांना म्हटलं, ‘मॉडेल कशाला बदलताय? वाक्यं बदला.’ त्यातला एक मला समजावायला लागला, ‘मॅडम, एवढी वाक्यं कोण वाचतं?’

‘यंत्र वाचतं. माणसं वाचत नाहीत हे मला तुझ्या जन्माच्या आधीपासून माहितीये,’ मी म्हटलं.

झालं, काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मला आतून गुदगुल्या झाल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला असा वाचक मिळत होता, जो प्रत्येक शब्द वाचणार होता आणि वाचल्याप्रमाणे वागणार होता. माझे वडील पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमला होते. त्यांच्याकडे कोणी हत्यार मागायला आलं की ते आधी ते कशासाठी नाही हे सांगायचे. ‘या पान्ह्याचा हातोडा करायचा नाही’ इथून सुरुवात. मी तीच रीत धरली. टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी अजिबात वापरायचं नाही, आणि त्याला काय माहीत नसतं. चार वाक्यं. विशेषणाला बंदी.

त्यानंतरचे दोन महिने मी साहेब लोकांची विशेषणं उपटत फिरले. प्रत्येकाला वाटायचं मी त्याचं नाक कापतेय. वाहतुकीच्या साहेबांना मी लिहून दिलं : ‘शिफ्टच्या बसमधली जागा राखते किंवा सोडते. फक्त कंपनीच्या बससाठी. दुसऱ्या कुठल्या अडचणीसाठी नाही. बस उशिरा येणार आहे का, हे या टूलला कळत नाही.’ ते वाचून त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. ‘एवढंच? आणि उशिराचं कशाला लिहिलंय? चारचौघांत?’ मी म्हटलं, ‘साहेब, बस उशिरा येते हे चारचौघांनाच तर माहितीये. यंत्राला तेवढं नाहीये.’

अशा माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. सतरा मजकूर खरडतील, पण आपल्या यंत्राला काय येत नाही हे एका ओळीत कबूल करायची वेळ आली की दातखिळी बसते. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून. मी त्यांच्या तोंडावर हे म्हणत नव्हते, पण तोंड वाकडं करून दाखवत होते, आणि त्यात मला मजा येत होती.

आता ती मुलगी. परभणीकडची. निघोज्यात दोघींबरोबर खोली घेऊन राहायची. ट्रेनी म्हणून दुसरं वर्ष संपत आलं होतं. तिची माझी ओळख झाली ती एका तक्रारीमुळे. एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या कागदावर क्लिप आधी अन् टेप नंतर आहे. तसं केलं की टेप बसतच नाही ओ. आम्ही उलटं करतो.’ मी लाइनवर जाऊन बघितलं. पोरीचं बरोबर होतं. चूक कागदात होती आणि ती मला तीन वर्षं कोणी सांगितली नव्हती, कारण कोणी वाचलंच नव्हतं. त्या दिवसापासून त्या कारखान्यात ज्यांची मला किंमत वाटते अशा माणसांची संख्या एक झाली.

तिला कायम व्हायचं होतं. दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं. आई गावाकडे आश्रमशाळेत स्वयंपाकाला. शाळेतच एका कोपऱ्यात झोपायची. मुलगी कायम झाली की आईला आणणार होती. दोघींपुरती खोलीही बघून ठेवली होती तिनं, आळंदी फाट्याकडे. ‘मोरीला वेगळा नळ हाय मॅडम,’ असं तिनं मला दोनदा सांगितलं होतं. कायम करायच्या ट्रेनींची यादी वर्षातून एकदा मुख्य कार्यालयात जाते. त्या यादीत नाव नसलं की प्रशिक्षण संपलं, रामराम, दुसऱ्या कंपनीचं गेट धरा आणि पुन्हा पहिल्यापासून ट्रेनी.

हजेरीच्या टूल्सची वर्णनं लिहायला मी टाइम ऑफिसला गेले. तिथे एक काका आहेत. कारखान्यासाठी जमिनी गेल्या तेव्हा नोकरी मिळालेल्यांपैकी, इथल्याच गावचे. त्यांचं बोलणं म्हणजे कीर्तन. तुम्ही विचारा एक, ते सुरुवात करणार पार त्यांच्या आजोबांच्या बैलापासून. मी वही उघडून बसले आणि विचारलं, ‘काका, हे बिनपरवाना गैरहजेरीचं टूल नेमकं काय दाखवतं? थोडक्यात सांगा.’

‘थोडक्यात न्हाई सांगता यायचं बाई,’ ते म्हणाले. ‘त्ये दावतं की शिफ्टला कार्डाचा पंच न्हाई अन् रजेचा अर्ज बी न्हाई. पर त्यातल्या समद्या गैरहजर नसत्यात. बाया बदल्या करत्यात. एकीच्या पोराला ताप आला, एकीच्या नणंदेची हळद हाय, मंग दुसरी तिच्या शिफ्टला येती अन् ही दुसरीच्या. आमी वहीत लिवतो. म्हैन्याच्या शेवटी म्या बसतो अन् जुळिवतो. तवर ती यादी कुनाला दावायची न्हाई बगा. परवा तर काय झालं—’

परवा काय झालं ते मी ऐकलं नाही. घड्याळ बघत होते. मनात म्हणत होते, उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्याला एक वाक्य धड संपवता येत नाही तो मला यादी समजावतोय. जागेवर येऊन मी त्यांच्या त्या चऱ्हाटातून काढलं आणि लिहिलं : ‘ज्यांच्या नेमलेल्या शिफ्टला पंच नाही आणि रजेचा अर्जही नाही, अशा कामगारांची यादी देते. रजेवर असलेल्यांसाठी वापरू नये.’

वाचून मी स्वतःवर खूश झाले. सुटसुटीत, नेमकं, एक शब्द जास्त नाही. त्या सगळ्या वर्णनांमधलं ते माझं सगळ्यात आवडतं वर्णन होतं. टूलला काय माहीत नसतं हे चौथं वाक्य मी इथे लिहिलं नाही. जे लिहायला हवं होतं ते समोरचा माणूस दहा मिनिटं सांगत होता, आणि मी त्याला पाल्हाळ म्हटलं.

उद्‌घाटनाला लॅपटॉपला हार घातला. नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर उडालं, हिंजवडीच्या पोरांची पळापळ झाली. आमचे एच.आर.चे साहेब दीड वर्षापूर्वी दिल्लीकडच्या कुठल्याशा कंपनीतून आलेले. त्यांना लाइनवर कधी पाहिल्याचं मला आठवत नाही, पण एजंटशी बोलताना त्यांचा आवाज असा काही मऊ व्हायचा की घरच्यांशीही इतकं गोड बोलत नसतील. महिना संपायला आठवडा असतानाच त्यांनी एजंटला सांगितलं : कायम करायच्या ट्रेनींच्या यादीतून बिनपरवाना गैरहजर राहणारे काढून टाक. पूर्वी हे काम टाइम ऑफिस महिना संपल्यावर करायचं. आता साहेबांना घाई. एजंटनं टूल्सची वर्णनं वाचली, माझं नेमकं, सुटसुटीत वर्णन त्याला तंतोतंत जुळलं, त्यानं यादी काढली आणि नावं गाळली.

दोन दिवसांनी ती मुलगी माझ्यासमोर उभी. हातात नाव गाळल्याचं पत्र. रडत नव्हती. पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. ‘मॅडम, हे मी गैरहजर होते म्हणायलेत. मी तर रोज यायलेय. ताप होता तेव्हाबी आलते. तुम्हीच बघा.’

मी तिची हजेरी उघडली. नऊ दिवस गैरहजर. त्याच नऊ दिवशी दुसऱ्या शिफ्टला तिचे पंच होते, येतानाचे आणि जातानाचे, एकूण एक. नऊच्या नऊ वेळा ती दुसऱ्या कुणाच्या तरी अडचणीसाठी आपली शिफ्ट सोडून त्यांच्या शिफ्टला आली होती. निघोजं जवळ, खोलीवर वाट बघणारं कोणी नाही, नाही म्हणायची सवय नाही. म्हणून प्रत्येकीच्या तोंडी हिचंच नाव. स्वतःसाठी तिनं एकही बदली मागितली नव्हती. अख्ख्या लाइनला जी सगळ्यात जास्त उपयोगी पडली तीच यादीत सगळ्यात जास्त गैरहजर.

मी तिच्या पंचांचे कागद छापून घेतले. तिला म्हटलं, ‘तू जागेवर जा, मी बघते.’ चूक माझी आहे हे तिला तेव्हा सांगितलं नाही.

टाइम ऑफिसला जाऊन काकांना सगळं सांगितलं. ‘म्या सांगितलं व्हतं न्हाई का बाई?’

‘सांगितलं होतं, काका. मी ऐकलं नाही.’

त्यांनी वही काढली. सगळ्या बदल्या लिहिलेल्या, तारखेनिशी. मी ती घेऊन एच.आर.च्या साहेबांकडे गेले. पंचांचे कागद समोर ठेवले. म्हटलं, मुलगी एकही दिवस चुकलेली नाही, वर्णन मी चुकीचं लिहिलं, एजंटचा दोष नाही, माझा आहे. हवं तर लेखी देते. बावीस वर्षांत मी त्या इमारतीत कुणासमोर असं बोलले नव्हते.

साहेबांनी वहीला हातही लावला नाही. कोपरे दुमडलेली, चहाचे डाग पडलेली वही. ‘मॅडम, हे हातानं लिहिलेलं आहे,’ ते म्हणाले, जणू काही मी त्यांच्यापुढे मेलेला उंदीर ठेवला होता. ‘आपण आता डेटावर चालतो. सिस्टम जर म्हणाली की ती हजर होती, तर मी आनंदानं नाव घालीन. यादी शुक्रवारी जाते.’

माणूस सांगतोय, कागद सांगतोय, मुलगी स्वतःच्या पायांवर लाइनवर उभी आहे. पण यंत्रानं म्हटलं पाहिजे की ती आहे! हातच्या कांकणाला आरसा लागतो अशी ही जमात. मी वही उचलली. शुक्रवारला दोन दिवस होते.

मी परत काकांकडे गेले. या वेळी वही मिटून बसले आणि म्हटलं, आजोबांच्या बैलापासून सांगितलंत तरी चालेल. त्यांनी सगळं सांगितलं. मी सगळं ऐकलं. परवा काय झालं होतं तेही. मग म्हणाले, ‘लिव्हा. पोरीचं भलं व्हऊ द्या. पर एक ध्यानात घ्या, लिव्हलं की दिसतंया. बदल्यांस्नी कंपनीची परवानगी न्हाई. आजवर कुनी बगितलं न्हाई म्हून चाललंय ह्ये समदं.’

मी म्हटलं, ‘काका, ते वर्णन फक्त यंत्र वाचतं. आमचे साहेब मजकूर वाचायला लागले तर मी पेढे वाटीन.’

त्या संध्याकाळी मी नवं वर्णन लिहिलं : ‘या यादीतली व्यक्ती गैरहजर असेलच असं नाही. लाइनवरच्या महिला अडचणीच्या वेळी सुपरवायझरला सांगून आपसात शिफ्ट बदलतात. या बदल्या टाइम ऑफिसच्या वहीत असतात आणि महिनाअखेर जुळवल्या जातात. त्याआधी ही यादी अपुरी असते. केवळ या यादीवरून कुणावर कारवाई करू नये. त्या दिवशी दुसऱ्या शिफ्टला पंच आहे का, ते आधी तपासावं.’ लांब झालं. काकांचंच बोलणं, फक्त बैल वगळून. आयुष्यात मी लिहिलेलं सगळ्यात खरं वर्णन.

गुरुवारी साहेबांसमोर एजंटला पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी त्यानं दुसऱ्या शिफ्टचे पंच तपासले आणि उत्तर दिलं की या ट्रेनी नऊही दिवशी कामावर होत्या, त्यांना वगळण्याचं कारण दिसत नाही. साहेब खुर्चीत उडाले. ‘बघितलंत? स्वतःहून शिकलं!’ त्यांनी हिंजवडीला फोन लावून त्या पोरांचं अभिनंदन केलं. त्या पोरांनी ते स्वीकारलंही, निर्लज्ज कुठले. मुलीचं नाव यादीत गेलं. शुक्रवारी यादी गेली. मी बसमध्ये बसल्यावर पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला आणि साहेबांना मनातल्या मनात सात शिव्या दिल्या, प्रेमानंच.

सोमवारी त्यांनी मला बोलावलं. स्क्रीनवर माझं वर्णन उघडलेलं होतं. सिस्टम कशी शिकली हे मुख्य कार्यालयाला कळवायचं होतं, म्हणून त्यांनी ते वाचलं होतं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. बावीस वर्षांत माझा मजकूर वाचणारा पहिला साहेब, आणि तो नेमका हा.

‘आपसात शिफ्ट बदलतात,’ त्यांनी बोटानं ओळ दाखवली. ‘हे काय आहे? कधीपासून चालतं? उद्या काही अपघात झाला आणि कागदावर दुसरीच बाई असली, तर?’

प्रश्न चुकीचा नव्हता, हेच तर दुखणं. मी म्हटलं, बायांची घरं असतात साहेब, पोरं असतात, रजा मागितली तर मिळत नाही, काम तर कुठे अडत नाही ना. ते म्हणाले, अडचण असेल तर नियमाप्रमाणे अर्ज करावा. मग म्हणाले, ‘एक सूचना लिहून द्या. सगळ्या लाइनवर लावायची आहे. तुमच्याइतकं स्पष्ट इथे कोणी लिहीत नाही.’

नाही म्हणता आलं असतं. चार साहेबांची विशेषणं उपटणारी मी, तिथे ‘देते’ म्हणाले. नोकरीची सात वर्षं उरलीत, हा हिशेब तेवढ्या वेळात डोक्यात झाला. मीच लिहिलं : ‘कोणत्याही कामगारानं आपसात शिफ्ट बदलू नये. नेमलेल्या शिफ्टला न येणारी व्यक्ती गैरहजर धरली जाईल. तोंडी परवानगी ग्राह्य धरली जाणार नाही.’ तीन वाक्यं. लॅमिनेट करून टांगली. आणि हा कागद सगळ्यांनी वाचला.

टाइम ऑफिसच्या काकांनी वही कपाटात घातली. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात एकीच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तिला बदली मिळाली नाही. रिक्षावाल्याबरोबर म्हातारीला एकटीला पाठवलं तिनं. दुसरीनं मुलाची परीक्षा सोडून शिफ्ट केली. बायांना हे सगळं कुठून निघालं ते कळायला वेळ लागला नाही. परभणीवालीचं नाव यादीत घालायला आमच्या बदल्या उघड केल्या, एवढंच त्यांना कळलं. त्यात खोटं तरी काय होतं? ज्या नऊजणींसाठी ती धावली होती, त्यांनी तिच्या टेबलाकडे बघायचं सोडलं. कॅन्टीनमध्ये ती बसली की बाकावर दोन्ही बाजूंना जागा मोकळी.

तिचं कायमचं पत्र आलं. मी तिला त्या दिवशी सगळं सांगितलं, आधीची ओळ, नंतरची ओळ, सूचना, सगळं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘आईला पुढच्या रविवारी आणायलेय मॅडम.’ बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिनं लाइनवर पेढे वाटले. मी काचेतून बघत होते. ती प्रत्येक टेबलाशी थांबत होती, खोका पुढे करत होती, आणि बाया मान खाली घालून वायरी लावत होत्या. एकीनं हातमोजे दाखवले, हात खराब आहेत म्हणून. एक म्हणाली उपास आहे. शेवटच्या टेबलापर्यंत जाऊन ती परत फिरली आणि जिना चढून माझ्याकडे आली. खोका जवळजवळ भरलेलाच होता.

‘मॅडम, तुम्ही तरी घ्या,’ ती म्हणाली.

मी घेतला.